डाळमिलच्या पट्ट्याचा डावा मडफ्लॅप

दिनांक १६/०७/२०२५, वेळ सकाळी ११.२०

मी शिवांगी राजशेखर हुडगे, वय २६ वर्षे, शिक्षण ऑटोमोबाईल डिप्लोमा, व्यवसाय मोटार ॲक्सेसरीजच्या दुकानात फिटर, रा. उदगीर, जि. लातूर. आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर होऊन जबाब देते की,

मी वरील ठिकाणी वडील (ज्यांना आम्ही अप्पा म्हणतो), आई, थोरला भाऊ भीमाशंकर (वय ३१) व वहिनी यांच्यासह राहते. वडील व भाऊ यांचे मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अडतीचे दुकान आहे. मी चार वर्षांपासून नांदेड रस्त्यावरील जिलानी यांच्या दुकानात गाड्यांना दिवे, सीट कव्हर, मडफ्लॅप बसवण्याचे काम करते. जिलानी यांना मी चाचा म्हणते.

भावाने मे महिन्यात हैदराबादहून एक जुनी स्पोर्ट्स सेडान आणली. रंग पांढरा. आधीच्या मालकाने स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवली होती व रुंद टायर टाकले होते. त्यामुळे चाकांनी उडवलेली खडी थेट दारांवर लागत होती आणि खालच्या बाजूच्या रंगाचे टवके निघाले होते. दि. १२ रोजी, शनिवारी, दुपारी २ वाजता भाऊ मडफ्लॅप बसवून घेण्यासाठी गाडी दुकानी घेऊन आला.

मी त्याला आधी कंपनीचे तयार फ्लॅप दाखवले. ते मूळ टायरच्या मापाचे असल्याने रुंदीला कमी पडत होते. शिवाय कडक प्लास्टिकचे असल्याने इतक्या खाली बसलेल्या गाडीवर ते पहिल्याच गतिरोधकाला तुटले असते. बाजारातले साधे रबरी फ्लॅप फार मऊ असतात, गाडी मागे घेताना चाकाखाली दुमडतात. योग्य होते ते लवचीक पॉलियुरेथेनचे. ते मागवायला आठ दिवस लागतात. मी थांबायला सांगितले. भाऊ म्हणाला, “उद्या नांदेडला दोस्ताकडं जायलोय मी. आठ दिवस काय गाडी डोक्यावर घेऊन फिरू?”

दुकानात डाळमिलच्या एलिव्हेटरचा जुना पट्टा होता. मिलमध्ये या पट्ट्याला डबे लावून डाळ वर चढवतात. रबराच्या आत कापडाचे दोन थर असतात, त्यामुळे तो सहसा फाटत नाही. चाचा म्हणाले, “ये लगा दे बेटा. गाडी भंगारमें जाती, ये पट्टा रहता.” भावाला तो पसंत पडला.

मी प्रत्येक चाकामागे पुठ्ठ्याचा नमुना लावला, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवले, गाडीत चार माणसे बसवली आणि टायरपासूनचे अंतर मोजले. भाऊ म्हणाला, “शिवे, फ्लॅप बसवून राहिलीस का पत्रिका जुळवून राहिलीस? छत्तीसच्या छत्तीस गुण पायजेत का तुला?” मी म्हणाले, “वीस मिलिमीटर पाहिजेत.” ते बावीस भरले. चाचा हसले.

पट्ट्याला डब्यांच्या बोल्टची जुनी भोके होती, एकमेकांपासून पंचाहत्तर मिलिमीटरवर. मी तुकडे असे कापले की एक जुने भोक बसवण्याच्या बोल्टसाठी कामी यावे. त्यामुळे प्रत्येक फ्लॅपच्या खालच्या कडेजवळ एक भोक रिकामे राहिले. कापलेल्या कडांना पंक्चरचे सोल्युशन लावले, म्हणजे आतल्या कापडात पाणी शिरत नाही. असे उदगीरमध्ये दुसरे कोणी करते का, हे मला माहीत नाही. चारही फ्लॅप सायंकाळी ६.१० ला बसवून झाले. रविवारी भाऊ गाडी घेऊन नांदेडला गेला.

दि. १४ रोजी, सोमवारी, सकाळी ८.०५ ला भावाचा फोन आला की दुकान लवकर उघड. मी ८.३० ला गेले. गाडीचा पुढचा डावा फ्लॅप नव्हता. तो म्हणाला, “लोह्याजवळ खड्ड्यात गेला. दुसरा टाक, अप्पांना दिसायच्या आत.”

खड्ड्यात फ्लॅप घासला तर तो मागे ओढला जातो. येथे दोन्ही बोल्ट बाहेरच्या बाजूला वाकले होते व वॉशर मुडपले होते. चाकावरच्या प्लास्टिकला तडा होता. डाव्या बंपरवर जमिनीपासून साधारण पन्नास सेंटिमीटरवर ॲल्युमिनियम घासल्यासारखे राखाडी ओरखडे होते. हे सर्व मला त्याच वेळी दिसले. मी विचारले नाही.

कोणताही फ्लॅप बसवण्याआधी मी चाकामागची जागा पाण्याने धुऊन घेते, कारण चिखलावर वॉशर नीट बसत नाही. ही माझी नेहमीची पद्धत आहे. त्या दिवशीही धुतली. पाण्याबरोबर चिखलाखेरीज काय वाहून गेले, ते मी पाहिले नाही. पहिला पट्टा संपला होता, म्हणून मी दुसऱ्या एका जुन्या पट्ट्यातून नवीन फ्लॅप कापून पस्तीस मिनिटांत बसवला. वाकलेले बोल्ट व वॉशर भंगाराच्या डब्यात टाकले. चाचा ९.३० ला आले. त्यांना यातले काही माहीत नव्हते.

दि. १५ रोजी, मंगळवारी, दुपारी ३.३० च्या सुमारास मी दुकानात एकटी असताना टाकळीवाडीच्या केवळाबाई आल्या. त्यांना मी पूर्वी ओळखत नव्हते. त्यांच्या हातात खताच्या पिशवीत गुंडाळलेला रबराचा तुकडा होता. त्या म्हणाल्या, “माय, हे कुन्या गाडीचं हाय बघ बरं. माझ्या मालकाला उडवून गेलाय कुनीतरी.” त्यांचे पती सटवाजी सोमवारी पहाटे सायकलवर दुधाची कॅन घेऊन निघाले होते. शिरूर ताजबंद ते उदगीर रस्त्यावर, टाकळीवाडीच्या पुलाजवळ त्यांना मागून धडक बसली. ते लातूरला दवाखान्यात आहेत, अजून शुद्धीवर नाहीत आणि मुलगा त्यांच्याजवळ आहे. गाडी कोणी पाहिली नाही. हा तुकडा त्यांना सायकलच्या पायडलमध्ये अडकलेला सापडला. त्या सकाळपासून एकेका दुकानात तो दाखवत फिरत होत्या.

मी तुकडा हातात घेतला. उलटा करून पाहिला. खालच्या कडेजवळचे भोक पाहिले. कडेला सोल्युशन होते. मी म्हणाले, “असे पुष्कळ असतात, मावशी.” हे मी खोटे बोलले.

त्या म्हणाल्या, “हाव, दुसऱ्यानंबी तसंच सांगितलं.” त्यांनी पाणी मागितले. मी दिले. ग्लास विसळून जागेवर ठेवून त्या पुढच्या दुकानात गेल्या.

त्याच दिवशी सायंकाळी ७ वाजता घरी मी भावाला सर्वांसमोर विचारले, “अण्णा, टाकळीवाडीच्या पुलाजवळ सायकलवाला तुझ्याच गाडीखाली आला का?” तो म्हणाला, “मी थांबलो व्हतो, शिवे. आरशात बघितलं. त्यो हलला. वाटलं, उठंल.” मी विचारले, “किती वेळ थांबलास?” तो म्हणाला, “घड्याळ लावून बसलो नव्हतो. समदे तुझ्यासारखे मोजत नसतेत.”

यानंतर घरात जे बोलणे झाले त्याने या घटनेच्या माहितीत काही भर पडत नाही. ते मी सांगत नाही.

आज सकाळी मी एसटीने टाकळीवाडीला गेले. ८.४० ला केवळाबाईंच्या घरी पोचले. त्या लातूरला न्यायचा डबा भरत होत्या. मी त्यांना सांगितले की फ्लॅप मी बनवलेला आहे, गाडी कोणाची आहे ते मला माहीत आहे आणि काल मी खोटे बोलले. त्या म्हणाल्या, “काल बोलली असतीस तर पुढली चार दुकानं फिरायची राहिली असती, माय.” मग विचारले, “तुझा कोन लागतो त्यो?” मी सांगितले, सख्खा भाऊ. त्यांनी डब्याचे झाकण लावले, तुकड्याची पिशवी घेतली व चपला घातल्या.

आम्ही सोबत उदगीरला आलो. मी दोन तिकिटे मागितली. त्यांनी स्वतःचे तिकीट स्वतः काढले. वाटेत त्या एकदाच बोलल्या. “भाऊ किती हायत तुला?” मी म्हणाले, “एकच.” पोलीस ठाण्यात शिरण्यापूर्वी दुकानातून मी भंगारातले दोन बोल्ट व चार वॉशर काढून घेतले. ते कागदाच्या पुडीत हजर करीत आहे.

केवळाबाईंनी हजर केलेला रबरी तुकडा आता मला दाखवण्यात आला. तो मी दि. १२ रोजी भावाच्या गाडीला बसवलेला पुढचा डावा मडफ्लॅपच आहे. गाडी आमच्या घरासमोर उभी आहे. तिचे उरलेले तीन फ्लॅप याच पट्ट्यातले आहेत, भोकांतील अंतर मोजून खात्री करता येईल. चौथा मी नंतर दुसऱ्या पट्ट्याचा बसवलेला आहे, त्याच्या भोकांत नव्वद मिलिमीटर अंतर आहे. चाकामागची जागा धुणे व नवीन फ्लॅप बसवणे हे माझ्याकडून झाले. त्याबद्दल माझ्यावर काय कारवाई होईल, असे मी तपास अंमलदारांना विचारले. ते म्हणाले, “ताई, ते नंतर बघू. आधी लिहून होऊ द्या.” मी विचारले होते, एवढे यात लिहावे.

येथवरचा मजकूर मला वाचून दाखवला. वेळा व मापे मी पुन्हा तपासली, ती बरोबर आहेत. हा जबाब मी कोणाच्या सांगण्यावरून देत नाही. देऊ नकोस, असे मला घरातल्या तिघांनी सांगितले. भावाने काही सांगितले नाही. सकाळी मी निघाले तेव्हा तो दारात उभा होता. कुठे जातेस, असे त्याने विचारले नाही. त्याने बाजूला होऊन मला वाट दिली.

समक्ष,
सही
शिवांगी राजशेखर हुडगे