सासूला वाचून दाखवलेली गोष्ट

अणदूरच्या एसटी थांब्यावर मथुराबाई मिश्री लावत बसल्या होत्या. मागच्या बाकावर एक अनोळखी सून तिच्या लेखन शिबिरातल्या मॅडमशी दबक्या आवाजात बोलत होती.

“तुमीच म्हणलात, जवळच्या माणसावर लिही. म्या सासूवर लिहिलं. दिवाळी अंकात छापून आलं.”

“नाव बदललंस ना?”

“व्हय. पण उंबऱ्यात मिश्री लावत सुनेच्या भाकरी मोजणं तसंच राहिलं.”

मथुराबाईंचं बोट तोंडातच थांबलं.

“त्यांना वाचता येतं?”

“न्हाय. मलाच म्हणल्या, वाचून दाखव.”

“मग?”

“अंकाकडं बघत दुसरीच गोष्ट सांगितली, लई गुणाच्या सासूची.”

“खूश झाल्या?”

“अंक माझ्या हातातनं घेतला. मग म्हणल्या, उद्या लेक येतीय, तिच्याकडनं पुन्हा ऐकते.”