बिल्ल्याची मागची बाजू

मीरा, निखिल, आपली समई ज्यांनी घासून लख्ख करून दिली, ते हे रफीकभाई. भोसरीत त्यांचं बफिंगचं लहानसं दुकान आहे. त्यांनी मला सांगितलं तसं, त्यांच्याच शब्दांत, तुमची आजी लिहून पाठवते आहे.

आमी मूळचे उदगीरचे. अब्बा कल्हईवाले, खांद्यावर भाता घेऊन गावोगाव फिरायचे, आणि त्यांचा एकच नियम, भांडं चमकल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं न्हाई. पुढं कल्हई गेली, स्टील आलं, मी भोसरीला आलो, कंपनीत बफिंगला लागलो, मग स्वतःचं मशीन टाकलं. नळ, कड्या, गाडीचे भाग, समया, जे येईल ते चमकवतो. शबाना, माझी बायको, म्हणते तुमच्या हाताला चैन न्हाई, एक दिवस माझं तोंड पण मशीनला लावाल. मी म्हणतो, तुझं तोंड मशीनला लावलं तर मशीनच बंद पडंल.

तर काय सांगू काकू, तुमची समई बघून तुमच्या शेजारच्या त्या रशियन बाई, इरिनाबाई, माझ्याकडं आल्या. नवरा चाकणला गाडीच्या कंपनीत, आणि बाई पिंपळे सौदागरला पोरांना व्हायोलिन शिकवतात. तुम्हीच सोबत होतात, त्यांचं इंग्रजी मला मराठीत सांगायला. त्यांनी रुमालातून एक बिल्ला काढला. आईचा होता. आई व्हायोलिन वाजवायची, आणि त्यांच्याकडं म्हणे सरकार वाजवणाऱ्याला बक्षीस देतं, साधं न्हाई, देशाचं बक्षीस, एका जुन्या मोठ्या संगीतकाराच्या नावानं, त्याचंच तोंड बिल्ल्यावर. चांदीचा बिल्ला, वर सोन्याचा मुलामा. मागची पिन तुटली होती. रविवारी चिंचवडला पोरांचा कार्यक्रम, आईच्या आठवणीचा, आई जाऊन वर्ष होणार होतं, तेव्हा लावायचा होता. फक्त पिन बसवा, म्हणल्या.

मला लई नवल वाटलं. म्हणलं वाजवणाऱ्या बाईला अख्ख्या देशाचं सरकार बोलावून छातीवर बिल्ला लावतं, हे किती मोठं. आमच्याकडं सनईवाल्याला लग्न लागेपर्यंत मान, मग त्याला जेवलास का म्हणून पण कोणी विचारत न्हाई.

दुसऱ्या दिवशी पिन बसवली. छान बसली. आणि आता ऐका, बिल्ला काळपट दिसत होता, आणि एवढ्या मोठ्या बाईचा बिल्ला असा कसा द्यायचा, तर माझा हात गेला बटणावर. सवयच ती. मशीन फिरलं, बिल्ला चाकाला लावला, दोन मिनिटं पण न्हाई. बाजूला घेऊन बघतो तर आरशासारखा पांढरा. सोनं गेलं, काकू. त्या संगीतकाराचं नाक गेलं, भुवया गेल्या, नुसता गोल चेहरा राहिला, चंद्रासारखा. शबाना चहा घेऊन आली, तिनं बघितलं आणि कप तिथंच ठेवला.

माझ्या मनात आलं, सांगावं की आधीपासून असंच होतं. खोटं न्हाई बोलत, आलं मनात. पण मग तुम्हाला फोन केला.

आपण गेलो तेव्हा बाईंची शिकवणी चालू होती. एक पोरगी एकच ओळ वाजवत होती, आणि बाई पुन्हा म्हणायच्या, पुन्हा, पुन्हा. मला आधी कानाला टोचलं. मग ऐकता ऐकता कळलं की दर वेळी थोडी खरखर निघून जातेय, थोडं मऊ होतंय, आधी जाड चाक, मग बारीक, मग कापडाचं, तसंच. ही तर आमच्यासारखीच मेहनत, फक्त हवेवर.

पोरगी गेली. तुम्ही इंग्रजीत सुरुवात केलीत तेव्हा मी थांबवलं, आठवतंय ना, म्हणलं काकू, हातून झालं असं नका सांगू, मी केलं असं सांगा.

बाईंनी बिल्ला हातात घेतला. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलं पण न्हाई. मग म्हणल्या, आईनं हा कधीच घासला न्हाई, शिवणाच्या बटणांच्या डब्यात असायचा. बक्षिसाचं पत्र आलं त्या दिवशी आई हाताला मोजे घालून, बोटं तेवढी उघडी, थंडगार खोलीत सराव करत होती, तर म्हणली पत्र ठेव तिकडं, आधी हे पूर्ण होऊ दे. मी मान खाली घालून ऐकत होतो. असल्या बाईचं बक्षीस मी घासून टाकलं.

मग त्यांनी बिल्ला उलटा केला. मागं त्यांच्या लिपीत अक्षरं कोरलेली, तिथं पिनेमुळं माझं चाक पोचलं नव्हतं. अंगठा फिरवत म्हणल्या, हे आईचं नाव. पिन इकडून काढून तोंडाच्या बाजूला लावता येईल का?

येईल, म्हणलं, पण पिन नावाला चिकटून हाय, तिचा झाळलेला टाका वितळवताना हात चुकला तर नाव पण जाईल. त्या म्हणल्या, तुम्हीच करा.

दुसऱ्या कुणाकडं गेल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. तुम्हीच करा म्हणल्या, म्हणून बिल्ला परत रुमालात गुंडाळून दुकानात आणला. शनिवारी सकाळी नावावर ओल्या कापडाची घडी ठेवली, ज्योत बारीक केली, या अल्लाह म्हणून मागची पिन काढली. अक्षर न् अक्षर जागेवर. मग त्या गोल चेहऱ्यावर नवी पिन बसवली. नावाच्या कडेला धुराचा एक काळा डाग राहिला. माझा हात आपोआप बटणाकडं गेला, बटण दाबलं, मशीन फिरेना. शबानानं फ्यूज काढून ओढणीच्या टोकाला बांधून ठेवला होता. म्हणली, आता घासून दाखवा.

रविवारी आमी दोघं हॉलमध्ये मागच्या रांगेत बसलो. बाई काळ्या कपड्यात आल्या, छातीवर बिल्ला, तो मोठा संगीतकार आतल्या बाजूला, आणि आईचं नाव बाहेर, सगळ्यांसमोर. कुणाला वाचता येत नव्हतं. तो डाग तेवढा मला इतक्या लांबून दिसत होता, की दिसल्यासारखं वाटत होतं, कोण जाणे. पूर्ण न चमकवता दिलेला माझा पहिला माल. अब्बा असते तर आधी ओरडले असते, मग नाव कुणाचं ते विचारलं असतं.

आता गिऱ्हाईक आलं की आधी विचारतो, चमकवायचं का. लोक हसतात, म्हणतात चाचा, त्यासाठीच तर आलोय. हसू देत. तुमची नातवंडं तिकडं काही वाजवत असतील तर माझी दुवा कळवा, म्हणावं पुन्हा पुन्हा वाजवा, कंटाळू नका. आणि ती समई पुढच्या वेळी आणाल ना काकू, तेव्हा खालच्या बाजूला तुमच्या सासूबाईंचं नाव हाय, ते मागच्या वेळी माझ्याकडून घासायचं राहिलं होतं, नशिबानं. आता ठरवून सोडीन.