बागेतली समाधी

रेणापुरात टँकरच्या रांगेत तारामती घागर घेऊन उभी होती. मागं गौरम्मा आणि तिचा दीर चन्नबसप्पा बोलत होते.

"भावजी, वावराचे प्लॉट पडले म्हणं?"

"हाव वैनी. लातूर जिल्हा झाला, आता गिऱ्हाईक लई."

"आन् मामंजींची समाधी? त्यायला तिथंच पुरलंय की."

"समाधीला धक्का न्हाई. नकाशात तिथं बाग धरलीय."

तारामतीनं कान दिला. त्याच नकाशातला बागेसमोरचा प्लॉट कालच तिच्या नवऱ्यानं पसंत केला होता.

"कसली बाग?"

"फुलझाडं, हिरवळ, बसायला बाकडी. तेवढी जागा सोडावीच लागती म्हणं."

"आन् पाणी?"

चन्नबसप्पानं रांगेबाहेर डोकावून रस्ता बघितला. टँकरचा पत्ता नव्हता.

"बागेपुरतं पाणी असतं भावजी, तर आपण वावर विकलं असतं का?"