धामणाची दुसरी फाक

सन्माननीय अध्यक्षा आणि आपल्या मुख्याध्यापिका प्रेमिलाताई, आजचे सत्कारमूर्ती जागेश्वरजी नंदनवार, त्यांच्या सौभाग्यवती गोपिकाबाई, सहकारी शिक्षकवृंद आणि विद्यार्थिनींनो,

या व्यासपीठावर जागेश्वरजी एरवी हातोडी घेऊनच चढत. आज निवृत्तीचा हार घालून बसवल्यामुळे अवघडलेले दिसतात. पाचच मिनिटं सोसा, जागेश्वरजी.

उमरेडच्या विणकराघरचा हा माणूस माग दुरुस्त करता करता सुतार झाला आणि आपल्या शाळेत आला. मी खेळाची शिक्षिका. एकाहत्तर साली आपलं एकुलतं धनुष्य मोडलं, आणि तिरंदाजीची स्पर्धा दिवाळीनंतर लगेच होती. मी यांना गाठलं. त्यांनी धामणाच्या झाडाचा, चिवट लाकडाचा सरळ ओंडका आणला, पाचर ठोकून उभा फाडला, दोन्ही फाकांच्या टोकांना मेण लावलं आणि शेडमध्ये सावलीत टांगून ठेवल्या.

"कधी होईल?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षी, बाई. लाकूड आतून वाळलं पाहिजे."

"पण स्पर्धा यंदा आहे."

"हे त्याले कोण सांगन?"

आता सांगा, खेळाच्या शिक्षिकेला धीर असतो का? दुसऱ्याच दिवशी एक फाक मी गच्चीवर उन्हात नेऊन ठेवली. आठवडाभरात तिला बोट जाईल एवढा तडा गेला. मी ती गुपचूप परत टांगली.

प्रेमिलाताई, आपण धनुष्याच्या चौकशीला आलात तेव्हा जागेश्वरजींनी तड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "लाकूडच हाय, फुटते कधी कधी." मी शेजारीच उभी होते. सात वर्षं गप्प राहिले. ताई, ती फाक मी उन्हात ठेवली होती. हे सभेसमोर सांगते आहे, कारण इथे आपण रागावणार नाही अशी आशा आहे.

त्या वर्षीची स्पर्धा हुकली. पुढच्या वर्षी यांनी दुसरी फाक उतरवली आणि लाकूड तासायचा वाकस माझ्याच हातात दिला. धनुष्याच्या पाठीकडची, लाकडाच्या एका वर्षाच्या वाढीची रेघ टोकापासून टोकापर्यंत अखंड राखायची, ती कापली की धनुष्य तिथंच मोडतं. दर शनिवारी मी तासत होते आणि हे शेजारी बसून फक्त "हळू" म्हणत होते. शेवटी काचेच्या तुकड्यानं घासून ते गुळगुळीत केलं. त्या धनुष्यावर आपली विद्यार्थिनी मनकर्णा हिनं तिसरं बक्षीस आणलं.

मागच्या आठवड्यात मी यांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना? मग ताईंना सांगितलं काहून नाही?"

हे रंधा पुसत म्हणाले, "सांगतलं असतं, तर तुम्ही दुसऱ्या फाकेले हात लावला नसता."

जागेश्वरजी, गोपिकाबाई, आपणा दोघांना निरोगी आयुष्य लाभो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर ते पदरात घ्या. नमस्कार.