इकडे!

गुडघ्याच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक उंच माणूस एक्स-रे घेऊन बसला होता. सोबत त्याची मोठी बहीण होती.

"सहा देशांत फुटबॉल खेळलास. भाषा किती आल्या रे?"

"प्रत्येकीतला एकच शब्द, ताई. 'इकडे!' गोल मारणाऱ्याला तेवढा पुरतो."

"कधी चुकलास?"

"एकदा. नव्या देशात जाऊन जुन्या देशातला शब्द ओरडलो. तिथं त्याचा अर्थ निघाला 'बाहेर'. आमच्याच गड्यानं इमानदारीत बॉल बाहेर मारला!"

"कपाळ माझं! मग?"

"मग काय, महिनाभर राखीव म्हणून बाकावर बसवलं."

"हे कधीचं?"

"झाली आता पंधरा वर्षं."

"म्हणजे आई अंथरुणाला खिळून होती तेव्हा? मी फोनवर सांगितलं होतं, ती सारखी म्हणतेय, त्याला म्हणावं इकडे ये."

"हो."

"तू म्हणालास, मॅच सोडून येता येत नाही."

"हो."

"आणि तू नुसता बाकावर बसला होतास?"

"बूट बांधून बसलो होतो गं. प्रत्येक मॅचला वाटायचं, आत्ता बोलावतील."