बटण पडलं, दादा

ऐका, मेनच्या बटणाला कुणी हात लावू नका. बल्ब फट्‌कन गेला, घरभर अंधार झाला, होऊ दे. समई लावलीय मी. बसा जवळ. सुनंदे, बाळाला मांडीवर घे.

तुमचे काका वायरमन. कुणाचा बल्ब गेला, बटण पडलं, की ह्यांना बोलावणं. बायका घाबरल्या की हे हसायचे. "अहो वहिनी, बल्ब जाताना आतली तार तुटते, एकदम करंट ओढते, बटण पडतं. त्यात भूत कुठलं?"

माझे तेव्हा सोळा सोमवार चालू होते. त्या सोमवारी हे पलीकडच्या वाडीतलं काम आटोपून निघाले, तोवर अंधार पडलेला. सकाळीच मी ह्यांच्या खिशात काडेपेटी घातली होती. म्हटलं, "येताना ओढ्यावरच्या मरीआईला दिवा लावा." तर म्हणाले, "तिला बल्बच बसवून देतो की!" असे! अन् आले तसेच, देवळावरून पुढे.

गोंदणीच्या ओढ्याशी बाई उभी. तोंडावर पदर. "दादा, आमचं बटण पडलंय हो. तान्हं बाळ आहे अंधारात."

तान्हं म्हटल्यावर कुणाचा पाय निघेल? गेले मागोमाग. घराच्या दाराशीच बटण. वर केलं. लख्ख उजेड! पाळणा हलत होता. अन् फट्! बल्ब गेला, बटण पडलं.

"दुसरं बटण आत आहे, दादा."

एक पायरी उतरून आत. वर केलं. उजेड! पाळणा इथंही! बाईची नुसती पाठ. फट्!

"आणखी आत, दादा."

पुन्हा पायरी. पुन्हा उजेड. आता ह्यांनी वाकून पाहिलं. पाळण्यात काय असावं? बल्ब! गेलेले, काळे पडलेले बल्ब, काठोकाठ. अन् ते रडत होते हो, तान्ह्यासारखे! फट्!

मग ह्यांच्या डोक्यात आलं, अरे, ओढ्याकाठी विजेचा खांबच नाही! तार नाही. मग हा उजेड कसला?

"शेवटचं बटण, दादा. एकच पाऊल." अगदी कानाशी. गार!

पाय उचललेला. हात खिशात गेला. "आई गं, मरीआई!" म्हणत काडी ओढली. बघतात तर घर नाही, बाई नाही. पडकी विहीर! पुढची पायरी ढासळलेली, खाली काळं पाणी.

काडीमागून काडी पेटवत हे देवळापर्यंत धावले. दिवा लावला, मगच घरी. मी उपाशीच वाट बघत होते. हे टेकतात न टेकतात तोच आमचाही बल्ब, फट्! बटण पडलं. अन् दाराबाहेर आवाज, "दादा, तुमचंही पडलं का?"

हे उठले. मी हात धरला. महादेवापुढची वात तेवत होती, ती मोठी केली. उजाडेपर्यंत दोघं तिच्याजवळ बसलो. उंबरा नाही ओलांडला तिनं.

तेव्हा बाळांनो, गोंदणीच्या ओढ्यानं जाऊ नका. लांब पडलं तरी सडकेनं या. अन् बल्ब गेला, तर आधी दिवा, मग बटण. तुमचे काका आता हसत नाहीत, बघा, काडेपेटी मुठीतच आहे.

समई तेवतेय ना नीट? बाहेर कुणी हाक मारत नाही ना? मग, अहो... करा आता बटण वर.