गुडघाभर समुद्र

सांतो दोमिंगोच्या बसमध्ये, पार्लरमधून निघालेली ओन्दिना केस सरळ करायला गुंडाळलेल्या रोलरवर रुमाल बांधून बसली होती. मागच्या सीटवर मायलेकींची जुंपली होती.

"मला नाही करायचे केस सरळ."

"येल्दा, उद्या पंधरावा वाढदिवस तुझा. या झिपऱ्यांनी फोटो काढणारेस?"

"मग समुद्रात डुंबू देशील?"

"वेडी की काय! भिजले की पुन्हा कुरळे. गुडघ्यापर्यंत जा."

"जन्म समुद्राकाठी आणि जायचं गुडघ्यापर्यंत! तू तरी कधी बुडी मारलीस?"

"मारायचे की. केस सरळ करायला लागायच्या आधी."

"मग पार्लर गेलं खड्ड्यात. मी समुद्रावरच उतरणार."

"अगं, पण टॉवेल कुठाय?"

ओन्दिनाने डोक्यावरचा रुमाल सोडला आणि मागे धरला.

"घ्या. मोठा आहे, दोघींना पुरेल."